ओंडका उचलण्याआधी

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर किंवा इंग्लंडच्या उत्तर डेव्हनमध्ये राहत असाल, मुलांना घेऊन पुळणीवर जात असाल आणि किड्यामुंग्यांकडे वाकून बघायची थोडी हौस असेल, तर एका भुंगेऱ्यासाठी एक दिवस राखून ठेवा. त्याला तिकडे ‘स्ट्रँडलाइन बीटल’ म्हणतात. शास्त्रीय नाव युरीनेब्रिया कम्प्लानाटा. भरतीचं पाणी जिथपर्यंत चढतं आणि उतरताना लाकूड, शेवाळ, शिंपले, बाटल्या टाकून जातं, त्या ओळीतच त्याचा संसार असतो. ब्रिटनमध्ये तो फक्त ब्रिस्टल खाडीच्या दोन्ही बाजूंना सापडतो. बाहेर फ्रान्सचा अटलांटिक किनारा, पोर्तुगाल, स्पेन आणि भूमध्य समुद्राचा पश्चिम भाग इथे त्याची वस्ती आहे. लिनियसने १७६७ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणजे विज्ञानाला तो अडीचशे वर्षांहून जास्त काळ ठाऊक आहे. तरी वेल्समध्ये जन्म काढलेल्या माणसांनीसुद्धा तो पाहिलेला नसतो. कारण सरळ आहे: दिवसा तो लाकडाखाली असतो, आणि रात्री पुळणीवर आपण नसतो.

जुन्या पुस्तकांत आणि संग्रहालयातल्या चिठ्ठ्यांवर त्याचं नाव नेब्रिया कम्प्लानाटा असं मिळेल. प्राणी तोच. शोधताना दोन्ही नावं घालून पाहा, नाहीतर निम्म्या नोंदी हातातून निसटतात.

किडा ओळखायचा म्हटलं की लोक आधी रंग विचारतात. या भुंगेऱ्याच्या बाबतीत मी उलट्या बाजूने जायला सांगेन. आधी किनारा ओळखा, मग ओळ, मग ओंडका. या तिन्ही गोष्टी बरोबर जमल्या तर भुंगेरा ओळखायला दहा सेकंद पुरतात. त्या चुकल्या तर दिवसभर लाकडं उलथत बसाल आणि संध्याकाळी कंबर धरून घरी याल.

किनारा कसा हवा? रुंद, सपाट, बारीक वाळूचा, आणि पाठीमागे वाळूच्या टेकड्या असलेला. गोट्यांचा किनारा नको. खडकाळ नको. पाठीशी सिमेंटची भिंत आणि त्यावर आइस्क्रीमची गाडी असेल तर तिथे वेळ घालवू नका. भुंगेऱ्याला दोन्ही जागा लागतात: खाली भरतीची ओळ, जिथे अन्न आहे, आणि वर टेकड्यांचा पायथा, जिथे वादळात किंवा मोठ्या उधाणात माघार घेता येते. मध्ये भिंत आली की माघारीची वाट तुटते. कोकणातले जुने लोक घर बांधताना समुद्र आणि वाडी यांच्यात मर्यादवेलीचा पट्टा सोडत. तसाच पट्टा इथेही शोधायचा. मर्यादवेल मात्र इकडे नसते. तिच्या जागी सी रॉकेट नावाची मांसल पानांची, फिकट जांभळ्या फुलांची वनस्पती दिसेल आणि तिच्यामागे मॅरम गवताचे उंच झुबके. सी रॉकेट दिसली म्हणजे समजा, इथे यंदा वाळू साफ करणारं यंत्र फिरलेलं नाही आणि वर्दळही फार झालेली नाही. माझ्या मते पुळणीची तब्येत सांगणारी यापेक्षा सोपी खूण नाही.

आता ओळ. पुळणीवर नीट पाहिलंत तर भरतीच्या खुणेच्या बहुधा एकाहून जास्त ओळी दिसतील. खालची ओळ कालपरवाची, ओल्या शेवाळाची. ते शेवाळ पायाने जरा हलवलं की त्यातून शेकडो बारके जीव टुणटुण उड्या मारतात. हे सँडहॉपर, कोळंबीचे दूरचे नातलग. कुजणाऱ्या शेवाळावर ते जगतात आणि आपला भुंगेरा त्यांच्यावर. म्हणून सँडहॉपर भरपूर दिसले तर थांबा, आणि वर बघा. वरच्या बाजूला, टेकड्यांच्या पायथ्याशी, गेल्या हिवाळ्यातल्या वादळांनी आणून टाकलेल्या जुन्या लाकडांची ओळ असते. रोजची भरती तिथे पोचत नाही. शोधायचं ते तिथे.

ओंडक्याच्या निवडीतही फरक आहे. अगदी ताजा, कालच लागलेला ओंडका बहुतेक रिकामा निघतो. वाळूवर नुसता टेकलेला, खालून वारा खेळणारा ओंडकाही कोरडा असतो. हवा तो ओंडका असा: एक-दोन बोटं वाळूत रुतलेला, महिनोन्‌महिने न हललेला, बुडाला सपाट, आणि उचलल्यावर खालची वाळू गडद, ओलसर दिसणारा. जुन्या फळ्या, मासळीचे खोके, बोटीचे तुटके पत्रे यांच्याखालीही तो बसतो. त्याला सावली आणि ओल हवी. वर काय आहे याबद्दल तो फार चोखंदळ नसावा.

जागांची नावं उघडपणे सांगायला हरकत नाही, कारण सगळ्याच नावाजलेल्या आहेत. वेल्समध्ये गॉवर द्वीपकल्पाच्या वायव्य टोकाला व्हाइटफर्ड बरोज, त्याच्या पलीकडे पेम्ब्री आणि तेरा-चौदा किलोमीटर लांबीची केफन सिदानची पुळण, आणखी पश्चिमेला लार्न आणि पेंडाइनची वाळू. पूर्वेकडे केनफिग आणि मर्थर मॉर. खाडीच्या दक्षिणेला, डेव्हनमध्ये, ब्राँटन बरोज. तिथल्या टेकड्या इतक्या मोठ्या आहेत की १९४३-४४ मध्ये नॉर्मंडीच्या चढाईची तालीम करायला अमेरिकन सैन्य तिथे उतरलं होतं. यातल्या प्रत्येक ठिकाणी भुंगेरा मिळेलच असं नाही. जुन्या नोंदी असलेल्या काही जागी तो आज नसतो, आणि नाही हे कळणंही उपयोगाचं असतं. त्याकडे पुढे येतो.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. दोन्ही जिवाशी गाठ असलेल्या आहेत.

पहिली म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक. आपल्याला मुंबईच्या समुद्राची सवय असते. तिथे उधाणाची भरती साडेचार-पाच मीटरची झाली की वर्तमानपत्रात मथळा येतो. ब्रिस्टल खाडी नरसाळ्यासारखी आत निमुळती होत जाते आणि तिथला भरती-ओहोटीतला फरक जगातल्या सर्वांत मोठ्या फरकांमध्ये गणला जातो. स्वॉन्सीच्या आसपास उधाणाला तो आठ मीटरच्या वर जातो, आणखी आत एव्हनमथला बारा-तेरा मीटरच्याही पुढे. व्हाइटफर्डसारख्या सपाट पुळणीवर पाणी समोरून चढत नाही. ते बाजूच्या खोलगट जागांतून शिरतं आणि तुमच्या मागे येऊन उभं राहतं. त्यामुळे भरती उतरू लागल्यावर तासा-दीड तासाने वाळूवर जा, म्हणजे हातात निवांत वेळ राहतो. पंचांग पाहायची सवय असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची उधाणं तुम्हाला आपोआप कळतील. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, पाणी वरच्या ओळीपासून लांब राहतं आणि नवख्याला तेच दिवस बरे.

दुसरी गोष्ट लष्कराची. पेंडाइन आणि पेम्ब्री इथे आजही शस्त्रचाचणीची आणि बॉम्बफेकीच्या सरावाची क्षेत्रं आहेत. लाल निशाण किंवा लाल दिवा लागला असेल तर परत फिरा, त्यावर वाद नाही. व्हाइटफर्डच्या दलदलीतून जुने तोफगोळे अजून वर येतात आणि तशा पाट्याही तिथे लावलेल्या आहेत. लाकडं उलथताना गंजलेलं, गोलसर, नळीसारखं काही दिसलं तर हात लावू नका. जागा लक्षात ठेवा, लांब व्हा आणि ९९९ वर कळवा.

महिना कोणता? मे ते सप्टेंबर. थंडीत भुंगेरे मंदावतात, वर टेकड्यांकडे सरकतात आणि सापडणं नशिबावर जातं. कडक उन्हाच्या दुपारी वाळू वरून तापलेली असताना लाकडाखाली गर्दी असते, पण त्या वेळी ओंडका उचलणं म्हणजे त्यांच्या अंगावर ऊन ओतणं. सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशी जा.

ओंडका उचलायचा कसा, हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी गोम इथे आहे.

ओंडक्यासमोर उकिडवं बसून जवळची कड स्वतःकडून वर उचलायची, ही सगळ्यांची पहिली ऊर्मी असते. तसं करू नका. पलीकडची कड धरून ओंडका आपल्याकडे कलता करा, म्हणजे उघडी बाजू तुमच्या विरुद्ध दिशेला राहते आणि मध्ये लाकडाची ढाल असते. रत्नागिरीकडच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. दगड किंवा लाकूड उलथताना फुरसं असेल ही भीती लहानपणापासून हाडात असते. वेल्स आणि डेव्हनच्या टेकड्यांत फुरसं नाही, पण ॲडर आहे, ब्रिटनमधला एकमेव विषारी साप. तो स्वतःहून अंगावर येत नाही, तरी बोटं आंधळेपणाने लाकडाखाली घालायचं कारण नाही. सोबत कोणी असेल तर एकाने ओंडका कलता धरावा आणि दुसऱ्याने बाजूला, हातभर लांब, वाकून पाहावं. एकटे असाल तर छोट्या फळ्यांवर समाधान माना. मोठ्या ओंडक्याला पहार लावून तो उचकटणं हा प्रकार तर नकोच. त्याच्या खालची ओल तयार व्हायला जो काळ गेला असतो, तो तुम्ही एका मिनिटात उधळता.

उचलल्यावर पहिले पाच सेकंद हलू नका. प्रकाश पडताच सँडहॉपर चौफेर उडतील, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. लाकडाच्या बुडाला काय चिकटलंय आणि वाळूवर काय बसलंय, दोन्हीकडे पाहा. स्ट्रँडलाइन बीटल पुष्कळदा एकटा नसतो. एकाच लाकडाखाली चार-सहा किंवा त्याहून जास्त जण अंग आखडून, एकमेकांना लागून बसलेले असतात. क्षणभर ते तसेच राहतात. मग एखादा पाय हलवतो आणि सगळेच सुटतात. पळण्याचा वेग असा की फोटो काढायचा राहिला असेल तर तो आता राहिलाच म्हणायचा.

म्हणून फोन आधीच उघडून, कॅमेरा लावून हातात ठेवा.

परत ठेवणं हे उचलण्याइतकंच महत्त्वाचं. वाळूवर ओंडक्याचा ठसा उमटलेला असतो. त्याच ठशात, त्याच बाजूने, तो बसला पाहिजे. खाली भुंगेरे असतानाच लाकूड सोडलं तर दोन-चार चिरडतात. आधी त्यांना हलक्या हाताने बाजूला सारा, ओंडका ठशात टेकवा, आणि मग त्यांना कडेशी सोडा. फट शोधून ते स्वतःच आत जातात. कडेने वाळू निघाली असेल तर ओंजळभर लोटून फट बुजवा, पण पूर्ण नको. एका फेरीत अधूनमधून एखादा ओंडका पाहिला तरी पुरे. ओळीतलं प्रत्येक लाकूड उलथत जाणारा माणूस किडे शोधत नसतो, त्यांची घरं मोडत असतो.

आता भुंगेरा समोर आहे असं धरू. काय पाहायचं?

आकार पहिल्यांदा. लांबी सोळा-सतरा ते तेवीस मिलिमीटर. ब्रिटनचं एक पेनीचं नाणं २०.३ मिलिमीटर व्यासाचं असतं. भुंगेऱ्याजवळ ते ठेवलं की अंदाज लगेच येतो आणि फोटोत मापही आपोआप येतं. रंग फिकट पिवळा, गवताच्या वाळल्या काडीकडे झुकणारा. डोकं, मान, पाय, मिशा सगळं त्याच पिवळ्या-तांबूस छटेत. पाठीवरच्या टणक पंखांवर मध्ये आणि मागच्या बाजूला काळ्या, तुटक, नागमोडी आडव्या खुणा. जास्त पिकलेल्या केळ्याच्या सालीवर जसे काळे डाग एकमेकांत मिसळत जातात, तसंच काहीसं. या खुणा प्रत्येकात सारख्या नसतात. एकात त्या जोडून जाड पट्टे होतात, दुसऱ्यात नुसते ठिपके उरतात. त्यामुळे पुस्तकातल्या चित्राशी डाग न्‌ डाग जुळला नाही म्हणून गोंधळू नका. अंग चपटं, लाकूड आणि वाळू यांच्या फटीत सरकायला सोयीचं. पाय लांब, बारीक. जबडे पुढे काढलेले, चिमट्यासारखे नाहीत पण सरळ डोळ्यांत भरतील इतके.

एवढं जुळलं की काम झालं, असं ब्रिटनपुरतं म्हणता येतं. या किनाऱ्यावर इतका मोठा, सगळीकडून फिकट आणि काळ्या नक्षीचा दुसरा भुंगेरा नाही. तरीही गोंधळ होतो, आणि तो कुठे होतो ते माहीत असावं.

आपल्याकडून गेलेल्या माणसाला तो पहिल्या नजरेत झुरळ वाटण्याची शक्यता मोठी. फिकट, चपटा, वेगाने पळणारा, मग दुसरं काय वाटणार? पाठीकडे पाहा. भुंगेऱ्याचे वरचे दोन टणक पंख मधोमध सरळ रेषेत भेटतात. झुरळाचे पंख एकावर एक चढलेले असतात आणि त्याच्या मिशा शरीराइतक्या किंवा त्याहून लांब असतात.

त्याच लाकडाखाली हमखास भेटणारा दुसरा मोठा भुंगेरा म्हणजे ब्रॉस्कस सेफालोट्स. लांबी जवळपास तेवढीच, पण अंगभर काळा, डोकं मोठं आणि कंबर एखाद्याने चिमटीत धरून आवळल्यासारखी. त्याला हात लावला की पाय ताठ करून, जबडे उघडून मेल्याचं सोंग घेतो. सोंग घेणारा काळा म्हणजे ब्रॉस्कस. पळून जाणारा पिवळा म्हणजे आपला. अगदी लहान, सहा-सात मिलिमीटरचे, पिवळट तपकिरी, गोलसर भुंगेरे शेवाळाखाली किंवा मेलेल्या पक्ष्याखाली दिसतील. ते फॅलेरिया कडावेरिना, वेगळ्याच कुळातले. खात्री करायची तर भिंगातून मागच्या पायाचं पाऊल बघा: फॅलेरियाच्या पावलाला चार सांधे, आपल्या भुंगेऱ्यासारख्या जमिनीवरच्या शिकारी भुंगेऱ्यांच्या (ग्राउंड बीटलांच्या) पावलाला पाच. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की भुंगेऱ्यांची अर्धी कुळं तुम्ही घरबसल्या वेगळी करू शकाल. आणि आखूड पंखांचे, शेपटीसारखं उघडं पोट वर वळवणारे लांबट किडे म्हणजे रोव्ह बीटल. ते बाजूला ठेवा.

दिवसाउजेडी, उन्हात, ओल्या वाळूवरून थोडं धावणारा, थांबणारा आणि जवळ गेलं की उडून पुढे बसणारा, तपकिरी चकाकीवर पांढरट खुणांचा भुंगेरा दिसला तर तो टायगर बीटल. सिसिंडेला मॅरिटिमा ही त्याची जात या टेकड्यांत आहे. स्ट्रँडलाइन बीटल दिवसा असा उंडारत नाही. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, यॉर्कशायर-नॉरफोककडे, ढासळत्या मातीच्या कड्यांखाली नेब्रिया लिविडा नावाचा एक नातलग मिळतो. त्याच्या पाठीचा मधला भाग काळा, कडा पिवळ्या, आणि डोकं काळं. आपल्या भुंगेऱ्याचं डोकं फिकट असतं. शिवाय तो किनाराच वेगळा. इथे पुन्हा तेच: जागा कळली की निम्मा प्रश्न सुटतो.

अंधारात पाहायची इच्छा असेल तर सूर्यास्तानंतर तासाभराने, ओहोटी असताना, टेकड्यांच्या पायथ्यापासून खालच्या ओळीपर्यंत सावकाश चाला. टॉर्चवर तांबडा कागद लावा, तांबडा उजेड किड्यांना फारसा जाणवत नाही. शेवाळाच्या कडेला सँडहॉपर उड्या मारत असतील आणि त्यांच्यामध्ये एखादी फिकट आकृती झपाट्याने फिरताना दिसेल. उडी मारणारं भक्ष्य पकडायचं म्हणजे वेग हवा, आणि वेग या भुंगेऱ्याकडे आहे. रात्रीच्या फेरीत लाकूड हलवायची गरजच पडत नाही, म्हणून मला ती जास्त आवडते. पण एकट्याने जाऊ नका, आणि भरतीची वेळ फोनवर नव्हे, कागदावर लिहून खिशात ठेवा. त्या किनाऱ्यांवर रेंज जाते.

फोटो काढताना वरून एक, बाजूने एक, आणि डोकं-मान जवळून एक असे तीन पुरेत. चौथा फोटो ओंडक्याचा, पाचवा मागच्या टेकडीसह ओळीचा. शेवटचे दोन लोक विसरतात. तज्ज्ञाला मात्र तेच हवे असतात, कारण भुंगेऱ्याचा फोटो कुठलाही असू शकतो, किनारा खोटा सांगता येत नाही. पळणाऱ्याला दोन मिनिटं थांबवायचं असेल तर पारदर्शक डबीत तळाला ओली वाळू घालून त्यात घ्या, सावलीत फोटो काढा आणि लगेच सोडा. डबीत दोन ठेवू नका. घरी नेऊ नका. यातले बरेच किनारे संरक्षित आहेत आणि तिथून काही गोळा करायचं तर परवानगी लागते. या भुंगेऱ्याची ओळख फोटोवरून होते, त्यामुळे तो मारून टाचणीवर लावण्याचं कारणच उरत नाही.

नोंद करायला ब्रिटनमध्ये आयरेकॉर्ड हे संकेतस्थळ सोयीचं. तिथे जाणकार प्रत्येक नोंद पाहून पक्की करतात. आपल्याकडे बहुतेकांना आयनॅचरलिस्ट परिचयाचं आहे, तेही चालेल. तारीख, वेळ, किती दिसले, कशाखाली दिसले आणि जागा. जागा ब्रिटिश ग्रिडच्या आकड्यांत दिली तर उत्तम. सहा आकडी संदर्भ शंभर मीटरच्या चौकोनापर्यंत नेतो, आठ आकडी दहा मीटरपर्यंत. गॉवर आणि ब्राँटन दोन्ही ‘एसएस’ या अक्षरांच्या चौकोनात येतात, तेव्हा तिथल्या तुमच्या आकड्यापुढे दुसरीच अक्षरं आली तर कुठेतरी गफलत झाली आहे. आणखी खोलात जायचं असेल तर मार्टिन लफ यांचं ब्रिटन-आयर्लंडच्या ग्राउंड बीटलांवरचं २००७ चं ओळखपुस्तक घ्या. महाग आहे, रूक्षही आहे, पण त्यातल्या चित्रांसाठी ग्रंथालयातून का होईना, एकदा हाताळावं.

नेमका ओंडका मात्र व्हॉट्सॲपवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे पंधरा माणसं पोचतात आणि प्रत्येक जण तोच उलथतो.

आणि काहीच दिसलं नाही तर? तीही नोंद करा. अमुक तारखेला, अमुक पुळणीवर, इतका वेळ, इतकी लाकडं पाहिली, भुंगेरा शून्य. ‘दिसला’ असं सगळेच कळवतात. ‘दिसला नाही’ हे फार थोडे लोक कळवतात, आणि जात कुठून नाहीशी होतेय हे त्याशिवाय कळत नाही.

ती नाहीशी होते ती बहुतांशी आपल्या स्वच्छतेच्या हौसेपायी. पर्यटकांना पुळण गुळगुळीत दिसावी म्हणून पहाटे ट्रॅक्टरमागे चाळणीचं यंत्र जोडून वाळू विंचरली जाते. प्लास्टिकबरोबर शेवाळ जातं, शेवाळाबरोबर सँडहॉपर, आणि लाकूड गेलं की भुंगेऱ्याचं छप्पर. उरलेलं लाकूड शेकोटीत किंवा कोणाच्या बागेत शोभेला जातं. बगलाइफ ही अपृष्ठवंशीयांसाठी काम करणारी ब्रिटिश संस्था या भुंगेऱ्याच्या निमित्ताने हेच सांगत आली आहे: कचरा हाताने वेचा, लाकूड आणि शेवाळ तिथेच राहू द्या. किनारा स्वच्छतेला जाणार असाल, मराठी मंडळाची सहल म्हणून जा किंवा शाळेबरोबर, तर गटाला आधी एवढंच बजावा. बाटली, दोरी, थर्माकोल पिशवीत. लाकूड नाही, शेवाळ नाही. बरेच दिवस पडून असलेली मोठी प्लास्टिकची वस्तू उचलण्यापूर्वी खाली डोकावा. खाली कोणी असेल तर त्याला जवळच्या लाकडाच्या कडेशी नेऊन सोडा, मग वस्तू उचला.

हा सल्ला वेल्सपुरता नाही. मुंबईत जुहू आणि इतर चौपाट्यांवर महापालिका यंत्रांनी वाळू साफ करते. गर्दी आणि कचरा पाहता तिथे ते कदाचित टळणार नाही. पण तेच यंत्र मुरुड-हरिहरेश्वरकडून दापोली-गुहागरकडे सरकावं, अशी मागणी पर्यटनाच्या नावाखाली होऊ लागली तर आपण विचारायला हवं की त्या पुळणीवर कोण राहतं. वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपायला सुरुवात केली, तेव्हापासून निदान भरतीच्या ओळीवरची वाळू ही रिकामी जागा नसते एवढं तरी गावोगाव ठाऊक झालंय.

स्ट्रँडलाइन बीटल कोकणात शोधू नका, तो तिथे नाही. टायगर बीटल मात्र आहेत, आणि वर सांगितलेल्या सवयी त्यांच्यासाठी उपयोगी पडतात. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात, ओहोटीला, ज्या ठिकाणी ओढा पुळणीवर उतरतो तिथल्या ओल्या वाळूवर दूरवर नजर ठेवून उभे राहा. पायाजवळ पाहू नका, ते आधीच उडालेले असतात. पाच-सहा पावलांपुढे एखादा तपकिरी ठिपका धावून थांबेल. सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर तुमची सावली आधी पोचते आणि तो उडतो, म्हणून ऊन बाजूने येईल असं चाला आणि शेवटचं अंतर गुडघ्यांवर काटा. पंखांवरच्या पांढऱ्या खुणांचा वरून स्पष्ट फोटो मिळाला तर जात ठरवायला मदत होते. त्या खुणा फिकट असोत की ठळक, त्या कुठे जोडल्या आहेत आणि कुठे तुटल्या आहेत हेच पाहायचं असतं. एच. ई. अँड्र्यूज यांनी १९२९ आणि १९३५ मध्ये लिहिलेले हिंदुस्थानातल्या ग्राउंड बीटलांवरचे दोन खंड आणि त्याआधी फाउलर यांचा १९१२ चा टायगर बीटलांचा समावेश असलेला खंड, हे आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. नावं बदलली आहेत, तेव्हा त्यांतलं नाव आयनॅचरलिस्टवर घालून आजचं नाव काढा, आणि मगच नोंद पुढे पाठवा.